साप चावल्यास प्रथम

मुक्ताबाईंनी धडा लिहिला तेव्हा त्यात देव नव्हता. देवावर राग होता म्हणून नव्हे. मुक्ताबाई नागपंचमीचा उपास धरत, दर रविवारी मांजरी गावच्या भैरोबाला जात आणि देव्हाऱ्याला हात जोडल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसत. पण साप चावल्यावर काय करायचं हे चौथीच्या पोरांना सांगायला भैरोबाला त्रास द्यायची गरज नाही, असं त्यांचं सरळ मत होतं. भैरोबाचंही तेच मत असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या मांजरीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. गावात तेव्हा अजून चहूकडे ऊस होता, फ्लॅटच्या इमारती नुकत्याच कुठे उगवायला लागल्या होत्या, आणि ऊस म्हटला की साप आलेच. चौथीचं परिसर अभ्यासाचं सरकारी पुस्तक बदलायचं ठरलं, तेव्हा पुण्याच्या शालेय पुस्तक केंद्रानं समितीवर ग्रामीण शिक्षक म्हणून त्यांना घेतलं. बाकीचे सभासद पेठांतले, नाहीतर कोथरूडचे. सापांवरचा धडा अर्थातच मुक्ताबाईंच्या वाट्याला आला, कारण त्या खोलीत साप पाहिलेल्या त्या एकट्याच होत्या. ‘उसातले शेजारी’ असं नाव देऊन त्यांनी तो जीव ओतून लिहिला. विषारी कोणता, बिनविषारी कोणता, उसात शिरताना काय काळजी घ्यायची, हे सगळं आलं. आणि शेवटी, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते आलं: साप चावलेल्या माणसाला धीर द्यावा, त्याला चालवू नये आणि एक क्षणही न दवडता दवाखान्यात न्यावं.

ते वाक्य जयसिंगसाठी होतं. जयसिंग त्यांच्याच वर्गातला, गावातल्या दत्तोबा शेतकऱ्याचा थोरला. दोन वर्षांमागे शाळा सुटल्यावर वैरण आणायला गेला आणि बांधावर त्याला घोणस चावली. दत्तोबानं पोराला खांद्यावर टाकलं आणि गावच्या रितीप्रमाणे धावत भैरोबाच्या पायरीवर नेऊन निजवलं. तिथं कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलं, असा हिशोब. जयसिंगला पाला कडू लागला. त्यानं तोंड वाकडं केलं तशी माणसं हसली, निवांत झाली, कुणी तंबाखूची चंची काढली. मुक्ताबाईंना कळून त्या पोचेपर्यंत पोराचा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून एक टेम्पो थांबवला. हडपसर ओलांडता ओलांडता पोरगा बापाच्या मांडीवर गेला.

दहाव्याला मुक्ताबाई दत्तोबाच्या घरी गेल्या. अंगणात सगळी भावकी बसली होती. ‘देवाची मर्जी’, ‘वेळ आली होती’, असं जो तो म्हणत होता आणि ते ऐकून मुक्ताबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. “दत्तोबा,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “देवानं नाही नेलं त्याला. तुम्ही नेलंत, देवळात. दवाखान्यात नेला असतात तर वाचला असता.” दत्तोबानं मान वर केली नाही. गावानं मात्र बाईंना बरीच नावं ठेवली. पण पुढं असं झालं की गावात कुणाला काही चावलं की दत्तोबा नंतर घेतलेली आपली जुनी जीप काढायचा आणि कुणाचं काही न ऐकता माणसाला थेट पुण्याच्या ससून दवाखान्यात घेऊन जायचा. त्यातले सगळे परत आले.

असा हा धडा. तो समितीत वाचला गेला तेव्हा अध्यक्ष आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. आप्पासाहेब सदाशिव पेठेतले निवृत्त मुख्याध्यापक, आवाज मृदू, सदरा परीटघडीचा. पुस्तकांत संस्कार दिसले पाहिजेत असा वरून निरोप आला होता आणि आप्पासाहेब तो मोठ्या निष्ठेनं पाळत होते. पाण्याच्या धड्याच्या सुरुवातीला सात नद्यांचं स्तोत्र आलं होतं. हवेच्या धड्यात मारुतीचा जन्म आला होता. ग्रहणाच्या धड्यात सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आल्यावर लगेच गरोदर बायकांनी घरात का बसावं हे आलं होतं. सगळं थोडंथोडं, एकेका वाक्यानं. एका वाक्यासाठी कोण भांडणार?

“धडा उत्तम आहे, मुक्ताबाई,” आप्पासाहेब म्हणाले. “फक्त जरा कोरडा वाटतो.”

“सापावर आहे, आप्पासाहेब. ओलावा कुठून आणू?”

दोघेतिघे हसले. आप्पासाहेबही हसले आणि खिशातून एक चिठोरं काढून त्यांनी वाचून दाखवलं: “साप चावल्यास आपल्याकडे माणसाला प्रथम ग्रामदैवताच्या देवळात नेतात. तेथील श्रद्धेने त्याचे मन खंबीर होते. मग त्याला दवाखान्यात नेतात.” त्यांनी चिठोरं टेबलावर ठेवलं. “तुमच्या शेवटच्या वाक्याच्या आधी हे घालू. तुमचं वाक्य तसंच राहील. दवाखान्याला आपला विरोध नाही.”

दवाखान्याला यांचा विरोध नाही! मुक्ताबाईंनी पदर सावरला. “प्रथम देवळात असं वाचलं तर मुलं प्रथम देवळातच नेतील.”

“अहो, न्या असं कुठे म्हणतोय आपण? लोक नेतात ही माहिती आहे. नेतात की नाही तुमच्याकडे?”

“नेतात.”

“झालं तर मग. खोटं काही लिहिलेलं नाही.”

“आणि आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? माझ्या वर्गात वीटभट्टीवरच्या शेखांची मुलगी आहे.”

“तिलाही आपली संस्कृती कळेल,” आप्पासाहेब प्रेमानं म्हणाले. “बिघडलं कुठे?”

मुक्ताबाईंच्या ओठांवर जयसिंगचं नाव आलं. “आमच्या गावात एक मुलगा—” एवढंच त्या बोलल्या आणि आप्पासाहेबांनी हात वर केला. “व्यक्तिगत अनुभव इथे नकोत, बाई. आपण एका गावासाठी लिहीत नाही, राज्यासाठी लिहितोय.” बाकीचे टेबलाकडे बघत होते. आणि दत्तोबाच्या अंगणात अख्ख्या भावकीला न भ्यायलेल्या मुक्ताबाई त्या गुळगुळीत टेबलापुढे, त्या बशीतल्या कपापुढे, त्या शुद्ध मराठीपुढे बुजल्या. “अशा प्रसंगी वेळ जाण्याची शक्यता असते,” त्या म्हणाल्या, “तरी आपण कृपया फेरविचार करावा.” हे बोलताना त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. एक पोरगं मेलं होतं आणि त्याची झाली होती ‘वेळ जाण्याची शक्यता’! केंद्राचे अधिकारी माधवराव यांनी वहीत लिहिलं, चर्चा झाली.

जिन्यात प्राध्यापिका नीरजाबाईंनी त्यांचा हात धरला. त्या समितीवर विज्ञानाच्या जाणकार म्हणून होत्या. “तुमचं शंभर टक्के बरोबर आहे हो,” त्या कुजबुजल्या. “मला तर चीडच आली.”

“मग आत का नाही चिडलात?”

नीरजाबाईंनी खांदे उडवले. “एका वाक्यासाठी कुठे वाद घालायचा? कोण वाचतं ते!”

कोण वाचतं! पुण्यात पुस्तकं पुष्कळ, म्हणून एखादं न वाचलं तरी चालतं. मांजरीतल्या कित्येक घरांत ते चौथीचं पुस्तक हेच घरातलं एकमेव पुस्तक असायचं. पंचांगाशेजारी खुंटीला पिशवीत लटकलेलं. रात्री पोर वाचायचं आणि चुलीशी बसलेली आई, खाटेवरचा आजा, ज्यांनी कधी पाटी धरली नाही ते सगळे ऐकायचे. मुक्ताबाईंनी स्वतःच पोरांना शिकवलं होतं की घरात कुणी ऐकेना झालं तर सांगायचं, पुस्तकात लिहिलंय. त्या एका वाक्याच्या जोरावर त्यांनी गावात पाणी गाळून प्यायला लावलं होतं, मुलींची लग्नं लांबवली होती. ते हत्यार आता दुसऱ्याच्या हातात गेलं होतं.

जूनमध्ये पुस्तकांचे गठ्ठे आले. मुक्ताबाईंनी सुतळी तोडली, धडा काढला. आप्पासाहेबांचं वाक्य होतंच. पण खरा घात पुढच्या पानावर होता. धडे समिती लिहिते, पण त्यांच्याखालचे प्रश्न केंद्रातल्या दुसऱ्याच खोलीत तयार होतात. तिथली माणसं प्रत्येक परिच्छेदातून एकेक प्रश्न काढतात, आणि रिकाम्या जागेसाठी असं वाक्य शोधतात की ज्याचं उत्तर एका शब्दात येतं. मुक्ताबाईंच्या लांबलचक वाक्यातून रिकामी जागा सरळ निघत नव्हती. आप्पासाहेबांच्या वाक्यातून छान निघाली होती. साप चावल्यास माणसाला प्रथम, पुढे टिंबं, नेतात. माहिती म्हणून जे आत शिरलं होतं, ते आता उत्तर होऊन बसलं होतं. आणि उत्तर पाठ करायचं असतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मुक्ताबाई दुसऱ्याच दिवशी किरकोळ रजा टाकून, स्वारगेटला गाडी बदलून केंद्रात पोचल्या. माधवरावांनी प्रश्न वाचला आणि पुस्तक मिटलं.

“धड्याला धरूनच आहे.”

“अहो, यानं माणसं मरतील.”

“पुढच्या आवृत्तीत बघू.”

“कधी निघणार ती?”

“ही संपली की.”

“आणि तोवर सापांनी काय करायचं?”

“सापांना परिपत्रक काढायचा अधिकार आमच्याकडे नाही, बाई,” माधवराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी शिपायाला चहा सांगितला, एकच. “आपण अर्ज द्या. आप्पासाहेबांपुढे ठेवतो.”

मुक्ताबाईंनी अर्ज दिला. त्यात ‘सविनय’ होतं, ‘नम्र विनंती’ होती, ‘योग्य तो निर्णय व्हावा’ होतं. अर्ज आत गेला आणि त्याच्यावर जे पाणी पडायचं ते पडलं.

वर्गात मात्र त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. “पुस्तकात काहीही असू दे,” त्यांनी मुलांना सांगितलं, “रिकाम्या जागेत ‘दवाखान्यात’ लिहायचं. कुणी विचारलं तर बाईंनी सांगितलं म्हणायचं.” मुलं गोंधळली. पुस्तकात एक आणि बाईंच्या तोंडात एक, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. सहामाही परीक्षेचे पेपर शेजारच्या शाळेत तपासायला गेले. तिथल्या गुरुजींनी उत्तरं पुस्तकाशी ताडून पाहिली आणि मुक्ताबाईंच्या वर्गात ज्यांनी ज्यांनी ‘दवाखान्यात’ लिहिलं होतं त्यांच्या उत्तरावर लाल फुली मारली. ज्यांच्या आईबापांनी घरी पुस्तकातलं घोकून घेतलं होतं, त्यांना गुण मिळाले.

गावात कुरकुर सुरू झाली. बाई धर्माच्या विरुद्ध शिकवतात, असं पारावर कुणीतरी म्हणालं. मुख्याध्यापकांनी बोलावून, “पुस्तकाबाहेर जाऊ नका,” अशी समज दिली. सापानं माणूस मारला तर चालतं, पुस्तकाबाहेर गेलेलं चालत नाही! मुक्ताबाई चरफडत वर्गात परतल्या. आता पालक भांडायला येणार हे त्यांना ठाऊक होतं आणि भांडण आलंच तर त्यांना हवंच होतं.

मधल्या सुट्टीत दत्तोबा आला. त्याची धाकटी, शालू, आता बाईंच्या वर्गात होती. तिच्या पेपरावरही फुली होती. पण तो भांडायला आलेला दिसत नव्हता. अंगात धुतलेला सदरा, कपाळाला भंडारा, एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पोरीचं पुस्तक. त्यानं आधी खिशातून कागदाची पुडी काढून बाईंच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“भैरोबाचा परसाद हाय, बाई. नारळ फोडून आलो.”

“कशाबद्दल, दत्तोबा?”

त्यानं पुस्तक उघडलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता. “प्वारीनं वाचून दावलं. म्या म्हनलं पुन्यांदा वाच. मंग शेजारच्या मास्तरलाबी वाचाय लावलं. सरकारच्या पुस्तकात लिवलंय, बाई. पयलं देवळात न्ह्यायचं.” त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी आजारातून उठलेल्या माणसासारखा हलका झाला होता. “म्हंजी माजं चुकलं नव्हतं. पोराची येळच आल्ती. तीन वर्सं झाली, भाकरी ग्वाड लागत न्हाई. रातीला दचकून उठतो. घरात जयसिंगाचं नाव काडत न्हाई कुनी, मला सोसत न्हाई म्हनून. काल पयल्यांदा मीच त्येचं नाव घ्येतलं.”

मुक्ताबाईंना खोबरं मुठीत जड झालं. दहाव्याच्या दिवशी दत्तोबाला दिलेला घाव केवढा होता हे त्यांना आज दिसत होतं. आणि पुण्यात बसलेल्या त्या परीटघडीच्या सदऱ्यानं, एका वाक्यानं, या माणसाला चक्क माफी देऊन टाकली होती. ती द्यायला त्याचं काय गेलं होतं? क्षणभर त्यांना वाटलं, असू दे. झोपू दे याला. मेलेलं पोर आता काही परत येत नाही. हो म्हणावं आणि वर्गात जावं.

“शालूच्या पेपरावर फुली मारली ते बराबरच क्येलं गुर्जींनी,” दत्तोबा सांगत होता. “तिला म्या समजावलं, पुस्तकाफुडं जाऊ नगंस. आन् आता म्यांबी ठरवलंय. कुनाला काय चावलं तर जीप काडीन, काडनार न्हाई असं न्हाई. पर पयलं भैरोबाच्या पायरीला लावीन. इतके दीस देवाला डावलून चाललो व्हतो.”

शालू दारात उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं, मग बाईंकडं. उद्या तीही वैरणीला जाणार होती, त्याच बांधानं.

“दत्तोबा,” मुक्ताबाई म्हणाल्या, “पुस्तक चुकलंय.”

“आं?”

“पुस्तक चुकलंय. शालूनं लिहिलं तेच बरोबर आहे. पहिल्यांदा दवाखाना. देवाला नंतर हात जोडा, मीही जोडते. पण आधी दवाखाना.”

“छापल्यालं चुकंल कसं?”

“माणसं लिहितात. माणसं चुकतात.”

दत्तोबानं पुस्तकाकडं पाहिलं, त्याच्या कव्हरावरच्या सरकारी शिक्क्याकडं पाहिलं. “म्हंजी माजंबी,” तो हळूच म्हणाला, “तवा चुकलंच व्हतं.”

मुक्ताबाईंनी डोळे मिटले नाहीत, मान फिरवली नाही. ते त्यांनी स्वतःला करू दिलं नाही. “हो,” त्या म्हणाल्या. “चुकलं होतं.”

त्याच्या चेहऱ्यावरचं ते हलकेपण गेलं. बाईंच्या डोळ्यांसमोर गेलं. तो व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसला आणि बराच वेळ पुस्तकाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ करत राहिला. मुलं मैदानात आरडाओरडा करत होती. मुक्ताबाई त्याच्याशेजारी उभ्या होत्या आणि मनातल्या मनात आप्पासाहेबांना, माधवरावांना, जिन्यात कुजबुजणाऱ्या त्या नीरजाबाईंना शिव्या घालत होत्या. एकाच बापाला एकाच पोराच्या मरणाचा दोष दोनदा द्यायला लावला होता या लोकांनी.

“हे कुनी लिवलं?” दत्तोबानं विचारलं.

“पुण्यात समिती आहे. मीही आहे तिच्यात. हे वाक्य माझं नाही, पण मी होते तिथं.”

“मंग तुमी त्येस्नी सांगितलं असंल की. जयसिंगाचं.”

मुक्ताबाई हातातल्या खोबऱ्याच्या तुकड्याकडं बघू लागल्या.

“न्हाई सांगितलं?”

“सांगायला लागले होते. त्यांनी थांबवलं. मग अर्ज दिला.”

“आरजात त्येचं नाव व्हतं?”

“नव्हतं.”

दत्तोबानं मान वर केली. दहाव्याला जी मान त्यानं वर केली नव्हती, ती आज केली आणि बाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं. रागानं नव्हे, त्याला खरोखरच कळत नव्हतं म्हणून.

“मला माज्या दारात, समद्या भावकीसमूर सांगितलंत, पोरगं तू मारलंस. आजबी त्वांडावर सांगितलंत. ती शिकल्याली मानसं हायत, त्येस्नी विनंती. मंग मलाच का वं दोनदा, बाई?”

उत्तराची वाट न बघता तो उठला, पेपर आणि पुस्तक शालूच्या हातात दिलं आणि फाटकातून बाहेर पडला.

मुक्ताबाईंना आजवर पुष्कळ राग आला होता, पण इतका आला नव्हता, आणि त्यातला निम्मा त्यांचा स्वतःवर होता. सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्यांनी शालूकडून तिचा पेपर मागून घेतला, वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवला आणि मुख्याध्यापक “अहो, कुठे निघालात?” म्हणून हाका मारत असताना सरळ बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आप्पासाहेबांचं घर त्यांना माहीत होतं. त्यांच्या दारात, त्यांच्या घरच्या माणसांसमोर, आधी जयसिंगचं नाव घ्यायचं होतं आणि मग जे दत्तोबाला सांगितलं तेच, त्याच शब्दांत, त्यांना सांगायचं होतं.